पंधरा मिनिटांत राग : युवा महोत्सवातील स्वरवाद्य स्पर्धेचे नियम आणि परीक्षण

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी आंतरविद्यापीठ युवा महोत्सव पाहिला असेल, काहींनी त्यात भागही घेतला असेल. दिल्लीत मुख्यालय असलेल्या भारतीय विश्वविद्यालय संघाकडून हे महोत्सव भरवले जातात. आधी विभागीय फेऱ्या, मग राष्ट्रीय फेरी. नृत्य, नाट्य, लोकवाद्यवृंद यांना गर्दी असते. 'शास्त्रीय वाद्यवादन, स्वरवाद्य' हा प्रकार मात्र सकाळी दहा-अकरा वाजता, अर्ध्या रिकाम्या सभागृहात उरकला जातो. सतार, सरोद, बासरी, संतूर, व्हायोलिन, सारंगी, सगळे एकाच यादीत. या टिपणाचा विषय हा प्रकार आहे, आणि त्यातही मुख्यतः गजाने वाजणारी वाद्ये. कारण नियमांची खरी परीक्षा तिथे होते, असे माझे मत आहे.

मी संगीताचा शिक्षक नाही. दिल्लीच्या लगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. लहानपणी व्हायोलिनच्या दोन परीक्षा दिल्या आणि सोडले. सांस्कृतिक समितीचे काम गळ्यात पडल्यामुळे गेली काही वर्षे मुलांना घेऊन स्पर्धांना जातो, आणि कधी कधी यजमानांच्या विनंतीवरून वेळ मोजायच्या टेबलावरही बसलो आहे. तिथून जे दिसते ते प्रेक्षकांतून दिसत नाही.

नियम काय म्हणतो

नियम मोजके आहेत. एका संस्थेची एकच प्रवेशिका. सादरीकरण जास्तीत जास्त १५ मिनिटे. वाद्य आणि मंच लावायला ५ मिनिटांहून अधिक नाहीत. साथीला फार तर दोघे. वाद्य ज्याचे त्याने आणायचे. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक, कोणतीही पद्धत चालेल. परीक्षण कशावर? स्वर, रागाची निवड, रचना आणि एकंदर प्रभाव.

वाचायला हे सोपे आणि निष्पक्ष वाटते, कारण सगळ्यांना समान वेळ, समान मंच, समान निकष. आपण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत शिकतो की सर्व नमुन्यांना एकच चाचणी लावली तर तुलना न्याय्य होते. पण चाचणीच एका प्रकारच्या नमुन्यासाठी बनवलेली असेल तर? या पाच मिनिटांपासून सुरुवात करू.

व्हायोलिनला चार तारा. आपल्याकडे त्या बहुधा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा मिळवतात. पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे एका तारेला ७५ सेकंद. भरपूर झाले. सारंगीला गजाखालच्या मुख्य तारा तीन, त्या तातीच्या, आणि त्यांच्या खाली पस्तीसच्या आसपास तरफा. तरफांवर गज फिरत नाही. वरच्या तारेवर स्वर बरोबर लागला की खालची त्याच स्वराची तरफ आपोआप निनादते. सारंगीचा जो गुंजणारा, गळ्यासारखा आवाज आपण ओळखतो, त्यातला मोठा वाटा या तरफांचा असतो. आता भागाकार करा : ३०० भागिले ३८, म्हणजे तारेमागे आठ सेकंदही नाहीत. शिवाय सारंगीच्या पोटावर कातडे ताणलेले असते. वातानुकूलित खोलीतून मंडपात आले की कातडे आणि तात दोन्ही हलतात, आणि ग्रीनरूममध्ये मिळवून आणलेले वाद्य मंचावर पुन्हा मिळवावे लागते. म्हणजे नियम 'समान पाच मिनिटे' देतो, तेव्हा तो प्रत्यक्षात चार तारांच्या वाद्याला सवलत देतो आणि चाळीस तारांच्या वाद्याला दंड करतो.

हा प्रसंग मी पाहिलेला आहे. आमच्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता, घरातच सारंगी होती. विभागीय फेरीत त्याने मंचावर बसून तरफा जुळवायला घेतल्या. यजमानांच्या स्वयंसेवकाने पाच मिनिटांनी घंटा वाजवली. वरच्या घोडीवरच्या तरफा राहिल्या होत्या. मुलगा खाली मान घालून तसाच सुरू झाला. वादन चुकले असे नाही, पण वाद्य बोलत नव्हते, आणि ते त्याला आधी कळत होते, आपल्याला नंतर. क्रमांक आला नाही. यात यजमानांचा दोष मी सांगत नाही, त्यांनी नियम पाळला. चूक माझीही होती. पाच मिनिटे पुरतील असे मीच त्याला म्हणालो होतो, कारण माझ्या डोक्यात व्हायोलिन होते. पुढच्या वर्षी त्याने नाव दिले ते समूहगीतात, हार्मोनियमवर.

हार्मोनियमचा उलटा प्रवास

हा शेवटचा तपशील इतिहासाच्या संदर्भात वाचला तर जरा कडू लागतो. एके काळी नियमाचे वजन बरोबर उलट्या बाजूला होते. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ठरलेल्या पट्ट्यांच्या वाद्यावर मींड काढता येत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, असा आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीही हार्मोनियमविरुद्ध लिहिले होते. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्या काळात रेडिओवर गायकाला साथ हवी तर सारंगी किंवा व्हायोलिन हाच मार्ग, आणि त्यामुळे अनेक सारंगियांना आकाशवाणीत आसरा मिळाला. दिल्ली घराण्याचे बुंदू खाँ, नंतर साबरी खाँ, ही दिल्ली केंद्राशी जोडलेली नावे. पंडित रामनारायण १९४७ मध्ये लाहोरहून दिल्ली केंद्रावर आले, आणि साथीदाराच्या भूमिकेत घुसमट झाली म्हणून १९४९ मध्ये मुंबईला गेले. पुढे एकल सारंगीवादनाला त्यांनी जगभर मैफिलीचा दर्जा मिळवून दिला. म्हणजे संस्थेच्या एका नियमाने एका वाद्याला तीन दशके जगवले, पण गायकाच्या मागच्या जागेवर बसवून. नियमाची ही दोन्ही टोके लक्षात ठेवा. कोणते वाद्य जगेल आणि कुठे बसून जगेल हे नुसते रसिक ठरवत नाहीत.

पंधरा मिनिटे कशी भरतात

आता मुख्य वेळ. मैफिलीत एक राग तासभर चालतो. आलाप, विलंबित, मध्यलय, द्रुत, झाला, हा विस्तार काही शोभेसाठी नाही. रागाचे एकेक स्वरवाक्य ऐकणाऱ्याच्या कानात रुजावे म्हणून तो वेळ लागतो. पंधरा मिनिटांत हे सगळे बसवायचे तर दोन मार्ग आहेत. एक, सगळे टप्पे घ्यायचे पण प्रत्येक टप्पा नमुन्यापुरता. दोन, काहीतरी सोडून द्यायचे. मुले जवळपास नेहमी पहिला मार्ग घेतात. दोन मिनिटे आलाप, चार-पाच मिनिटे विलंबित किंवा मध्यलयीतली गत, मग द्रुत, शेवटी झाला, तिहाई, टाळ्या. मी घड्याळ घेऊन बसल्यामुळे मला हे पाठ झाले आहे. बाराव्या मिनिटाला झाला सुरू होतो, वाद्य कोणतेही असो.

व्हायोलिनच्या बाबतीत ही साचेबंदी विशेष खटकते, कारण या वाद्यापुढे हिंदुस्थानी संगीतात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक गायकी अंगाची : वाद्याने गळ्यासारखे गावे, बंदिशीचे शब्द जणू ऐकू यावेत. पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या एन. राजम यांची वाट ही. पं. गजाननराव जोशी तर स्वतः मोठे गायक होते आणि तोच विचार व्हायोलिनवर आणत. पं. डी. के. दातार यांच्या वादनावर द. वि. पलुस्करांच्या गाण्याची छाया स्पष्ट दिसते. दुसरी वाट तंतकारी अंगाची : गत, लयकारी, सवाल-जवाब, गजाच्या छोट्या झटक्यांनी काढलेला झाला. वि. गो. जोग यांचे नाव इथे आधी येते. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदी आजही ऐकायला मिळतात, जरूर ऐका. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. जोगांच्या वादनात गाणे नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

पंधरा मिनिटांचा नियम यापैकी कोणत्या वाटेला पोषक आहे? उघडच तंतकारीला. गत लगेच पकड घेते, झाला वेळेवर संपवता येतो, तिहाईने शेवट ठासून सांगता येतो. गायकी अंगाच्या मुलीने विलंबित ख्यालाची बंदिश घेतली तर एकतालाची दोन-तीन आवर्तने होईपर्यंत अर्धा वेळ गेलेला असतो. ती मध्यलय बंदिशीवर येते तेव्हा परीक्षकांच्या हातात पेन स्थिर झालेले असते. नियमाने गायकी अंग निषिद्ध केलेले नाही, फक्त ते महाग केले आहे. परिणाम असा की गायकी अंगाने शिकणारी मुलेही स्पर्धेपुरती गत बसवून घेतात. शिक्षक मग त्यालाच 'स्पर्धेचा राग' म्हणतात आणि तोच राग तीन वर्षे चालतो.

मग कर्नाटक पद्धतीचे काय? नियम दोन्ही पद्धती एकाच स्पर्धेत बसवतो. यामागचा हेतू चांगला आहे, पण परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस बहुधा एकाच पद्धतीत वाढलेला असतो. दक्षिणेत व्हायोलिन मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे रुजलेले आहे. उत्तरेत ते मैफिलीचे वाद्य झाले विसाव्या शतकात. दिल्लीत तमिळ कुटुंबांतली उत्तम वाजवणारी मुले भरपूर आहेत. ती एक वर्णम्, थोडी आलापना आणि एक कृती असा नेटका पंधरा मिनिटांचा आराखडा आणतात. त्यांची परंपरा आटोपशीर मांडणीला सोयीची आहे. पण हिंदुस्थानी परीक्षक त्यातल्या गमकांना 'हलणारा स्वर' म्हणतो असे मी कानांनी ऐकले आहे. उलट, कर्नाटक पद्धतीच्या परीक्षकाला हिंदुस्थानी विलंबितातला ठहराव रिकामा वाटू शकतो. दोघेही प्रामाणिक असतात.

'रागाची निवड' म्हणजे नेमके काय

निकषांत हा शब्दप्रयोग आहे आणि त्याची व्याख्या कुठे नाही. सकाळी अकराला स्पर्धा. मुलगा वर्षभर यमन शिकला आहे, तो संध्याकाळचा राग. वाजवावा का? एक परीक्षक समयाचे बंधन मानतो आणि गुण कापतो. दुसरा म्हणतो, सभागृहाला खिडक्याच नाहीत, कुठली सकाळ आणि कुठली संध्याकाळ. तिसरा निवड म्हणजे अवघडपणा समजतो आणि अनवट राग घेणाऱ्याला दोन गुण जास्त देतो, मग तो राग शेजारच्या रागात सांडत असला तरी. मला यातले पहिले मत जुनाट वाटत नाही, पण ते लागू करायचे असेल तर आधी सांगितले पाहिजे. न सांगितलेल्या नियमावर कापलेले गुण, अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नासारखे असतात. तुम्ही परीक्षेत त्याविरुद्ध तक्रार करता, मग इथे का नाही?

'एकंदर प्रभाव' या निकषाबद्दल तर बोलायलाच नको, पण थोडे बोलतो. माणसे कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. चिया-जुंग त्साई यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीत स्पर्धांच्या छोट्या ध्वनिचित्रफिती दाखवल्या होत्या. ज्यांनी आवाज बंद ठेवून नुसते दृश्य पाहिले, त्यांना खरे विजेते अधिक चांगले ओळखता आले. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना नाही, आणि त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. झब्बा, हातवारे, डोळे मिटणे, तबलजीकडे बघून हसणे, हे सगळे 'प्रभावा'त मोजले जाते. आपल्याला ते स्वरांचे गुण वाटतात.

आकाशवाणीने यावर फार पूर्वी एक उपाय शोधला होता. १९५२ साली माहिती व प्रसारण खात्याची सूत्रे पुण्यात जन्मलेल्या डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे आली आणि कलाकारांसाठी ध्वनिचाचणीची नवी पद्धत सुरू झाली. हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षणाची मुख्य धुरा पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होती. ते भातखंड्यांचे शिष्य. परीक्षकांना कलाकार दिसू नये, नाव कळू नये, फक्त आवाज पोचावा, हे या पद्धतीचे तत्त्व. त्यातून ठरणाऱ्या श्रेणी, 'बी', 'बी-हाय', 'ए' आणि 'टॉप', आजही कलाकारांच्या परिचयपत्रात दिसतात. त्या वेळी मोठे वादळ झाले. आयुष्यभर मैफिली गाजवलेल्या उस्तादांना पडद्यामागे बसून परीक्षा द्यायला लावणे अपमानकारक वाटले, रागाचे शास्त्र विचारले जाई तेही अनेकांना रुचले नाही, आणि बहिष्कारही झाले. त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. घराण्यात शिकलेल्या माणसाला रागाचा थाट सांगता आला नाही म्हणून राग येत नाही असे होत नाही. पण पडदा ही कल्पना मला अजूनही त्या सुधारणांतली सर्वांत निरोगी वाटते. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या वायझर गावी जुन्या पद्धतीच्या फिडलची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथेही परीक्षक वेगळ्या खोलीत बसून फक्त आवाज ऐकतात. वादकाला चार मिनिटांत एक नाचाची जलद धून, एक वॉल्ट्झ आणि एक आपल्या आवडीची धून वाजवायची असते, आणि टाळ्यांसाठी केलेल्या कसरतींना नियमानेच मनाई आहे. आपल्याकडच्या झाल्याला कसरत म्हणणे अन्याय होईल, पण बाराव्या मिनिटाला हमखास सुरू होणाऱ्या झाल्याकडे पाहून मला तो नियम आठवतो.

बेरीज कोणाच्या बाजूची

आता तुमच्या माझ्या विषयाकडे येऊ. तीन परीक्षक प्रत्येकी शंभरपैकी गुण देतात, बेरीज होते, मोठी बेरीज पहिली. यात चूक काय असू शकते? एक काल्पनिक उदाहरण घ्या. तीन वादक क, ख, ग. पहिला परीक्षक अनुक्रमे ८२, ८०, ७८ देतो. दुसरा ८१, ७९, ७७. तिसरा मोकळ्या हाताचा, तो ५५, ६२, ८५ देतो. बेरजा : क २१८, ख २२१, ग २४०. ग पहिला, क शेवटचा.

आता गुण बाजूला ठेवून फक्त क्रम पाहा. पहिल्या दोन्ही परीक्षकांनी क ला पहिला आणि ग ला शेवटचा ठेवले आहे. क्रमांकांची बेरीज केली तर क ५, ख ६, ग ७, आणि लहान बेरीज पहिली असल्यामुळे क जिंकतो. निकाल पूर्ण उलटा झाला. कोणीही पक्षपात केलेला नाही. फक्त पहिल्या दोघांनी चार गुणांच्या पट्ट्यात खेळले आणि तिसऱ्याने तीस गुणांच्या. साध्या बेरजेत ज्याचा पट्टा रुंद त्याचे मत जड. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले, म्हणजे सगळ्यांचे पट्टे सारखे केले, तर क १.४९, ख उणे ०.४२, ग उणे १.०७ असे येते. करून बघा, गणित दहा मिनिटांचे आहे.

इथे थांबून 'तर मग क्रमांक पद्धत वापरा' असे लिहून टाकणे सोपे होते. पण शंका येते ती अशी. तिसरा परीक्षक एकटाच सारंगी वाजवणारा असेल, आणि बाकीचे दोघे गायिका आणि तबलावादक असतील तर? त्याने दिलेला २३ गुणांचा फरक हा हाताचा सैलपणा नसून माहिती असू शकते. ग च्या गजाचा दाब, नखाच्या मुळाशी तार दाबून काढलेली मींड, तरफांशी जुळलेला स्वर, हे त्याला ऐकू आले आणि इतरांना नाही. क्रमांक पद्धत ती माहिती पुसून टाकते. म्हणजे कोणती बेरीज करायची हा प्रश्न शेवटी परीक्षक कोण, या प्रश्नावर येतो.

हा प्रश्न नवा नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखायची याची चर्चा आहे. तिथे परीक्षकांना प्राश्निक म्हटले आहे. ते एकाच प्रकारचे नसतात : यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्धारी, चित्रकार, गणिका, गायन-वादनातला जाणकार, राजा, राजसेवक. जो प्रसंग ज्याच्या विषयाचा, त्यावर त्याने बोलावे अशी कल्पना. शिवाय प्रयोगात झालेले घात, म्हणजे दोष, मोजून नोंदवण्याचाही विचार तिथे आहे, आणि दोघे अगदी समान ठरले तर दोघांनाही पताका द्यावी असे म्हटले आहे. आपल्या गुणपत्रकात संयुक्त पहिला क्रमांक टाळण्यासाठी अर्धा गुण इकडे तिकडे करण्याची जी धडपड चालते, ती पाहिली की भरत जास्त समंजस वाटतो.

क्रमाबद्दल आणखी एक. वादन कोणाचे कधी, हे चिठ्ठीने ठरते, म्हणून ते न्याय्य मानले जाते. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या पियानो विभागातले अनेक वर्षांचे निकाल तपासून व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान फान अवर्स यांनी २००३ मध्ये दाखवले की चिठ्ठीने आलेल्या वादनक्रमाचा अंतिम क्रमांकावर परिणाम होतो आणि सुरुवातीला वाजवणाऱ्यांचे नुकसान होते. तिथे तर जगातले नामवंत परीक्षक असतात. आपल्याकडे सकाळी पहिला वाजवणारा मुलगा ध्वनिव्यवस्था तपासण्याच्या कामी येतो आणि परीक्षक त्याला 'राखून' गुण देतात, कारण पुढे कोण येईल माहीत नसते. सापेक्ष गुणांची ही अडचण आहे. आकाशवाणीची श्रेणी तुलनेत निरपेक्ष असते, तुमच्याआधी कोण वाजवून गेले याच्याशी तिचा संबंध नसावा अशी अपेक्षा असते. नाटकाच्या क्षेत्रात २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडकासाठी एकही संघ पात्र नाही असा निर्णय दिला तेव्हा किती वाद झाला ते आठवत असेल. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर मी बोलणार नाही, त्या एकांकिका मी पाहिलेल्या नाहीत. पण स्पर्धेत उपस्थितांपैकी उत्तम निवडायचा की एक उंची ठरवून ती कोणी गाठली ते पाहायचे, हा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला. युवा महोत्सवाचा नियम या प्रश्नाला हातच लावत नाही.

काय करता येईल

मला सर्वांत आधी बदलावासा वाटतो तो पाच मिनिटांचा नियम. मंचामागे एक शांत, मंचाइतकेच तापमान असलेली जागा आणि वाद्यानुसार जुळवणीचा वेळ, एवढ्यानेही फरक पडेल. नॉर्वेच्या हार्डांगर फिडललाही खाली तरफा असतात, चार-पाचच, पण त्या जुळल्याशिवाय वादक गज उचलत नाही आणि ऐकणारे त्याला वेळ देतात. तीनांपैकी एक परीक्षक स्पर्धेतल्या वाद्यांच्या जातीतला असावा, तंतुवाद्ये, गजवाद्ये, सुषिर यांपैकी ज्यांच्या प्रवेशिका आहेत त्यांतला. नावे आधी येतात, तेव्हा हे जमण्यासारखे आहे. परीक्षकांनी एक ओळ तरी लिहून द्यावी. मुलगा घरी आकडा घेऊन जातो, पण आलापात मंद्र सप्तक का टाळलेस, हे त्याला कोणी सांगत नाही. पडद्याचा आग्रह मी धरत नाही, कारण महोत्सव हा मंचाचाही अनुभव आहे, पण एका परीक्षकाला तरी मंचाकडे पाठ करून बसवून पाहावे. गंमत म्हणून सांगत नाही.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या अंतर्गत फेरीत आम्ही यातले थोडे करून पाहिले. चारच प्रवेशिका होत्या : दोन व्हायोलिन, एक बासरी, एक सारंगी. सारंगी त्याच मुलाची, आता तो चौथ्या वर्षाला आहे आणि खूप मनधरणी केल्यावर आला. जुळवणीला वेळेची मर्यादा ठेवली नाही. परीक्षकांनी गुण आणि क्रम दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर दिले. दोन्ही रीतींनी पहिला क्रमांक व्हायोलिनच्या मुलीचाच आला, दुसऱ्या आणि तिसऱ्यात मात्र फरक पडला आणि त्यावर परीक्षक अर्धा तास बोलत बसले. ते बोलणे ऐकायला चारही मुले थांबली होती. कार्यक्रम पन्नास मिनिटे लांबला. पुढे सभागृह नृत्याच्या चमूला दिलेले होते. सारंगी जुळत असताना त्यांची मुले घुंगरू बांधून दारात उभी होती, आणि त्यांच्यातल्या एकीने मला हळूच विचारले, "सर, अजून किती तारा राहिल्यात?" मी मोजल्या. बावीस राहिल्या होत्या.